छोट्या रेल्वेचा जीव स्लीपरात असतो: अमेरिकेतल्या शॉर्ट लाइनचं गणित

अमेरिकेतली मालगाडी म्हटलं की डोळ्यापुढे येते ती दोन-दोन मैल लांब गाडी, पुढे तीन-चार इंजिनं, एकावर एक ठेवलेले कंटेनर आणि फाटकावर ताटकळलेली माणसं. खोटं नाही ते, पण तिथल्या मालवाहतुकीच्या जाळ्यातले तीस टक्क्यांच्या आत-बाहेर रूळ अशा कंपन्यांकडे आहेत ज्यांची नावं शेजारच्या काउंटीतही (जिल्ह्यातही) कुणाला माहीत नसतात. यांना शॉर्ट लाइन म्हणतात. सहाशेच्या आसपास कंपन्या आहेत, कुणाकडे दहा मैल रूळ, कुणाकडे दोनशे, एखादीकडे दोन जुनी इंजिनं आणि पाच-सहा माणसं एवढाच पसारा. देशभरात रेल्वेने जाणाऱ्या दर पाच वाघिणींपैकी (मालाच्या डब्यांपैकी) एक तरी कुठे ना कुठे यांच्या रुळावरून जाते, बहुतेक वेळा पहिले किंवा शेवटचे काही मैल. म्हणजे गव्हाचं कोठार, लाकडाची गिरणी, खताचं गोदाम, प्लास्टिकचे दाणे घेणारा कारखाना अशा ठिकाणी वाघीण प्रत्यक्ष दारात नेऊन लावायचं काम यांचं.

आणि यातल्या बऱ्याच कायम मरायला टेकलेल्या असतात. का, आणि तरी जगतात कशा, ते बघू.

आधी एक गोष्ट, कारण आपल्याला रेल्वे म्हणजे सरकार हीच सवय. तिकडे मालवाहतूक खाजगी आहे आणि नुसत्या गाड्या नाही, रूळ, खडी, पूल, फाटकं, खालची जमीन सगळं कंपनीचं, त्यावर प्रॉपर्टी टॅक्सही कंपनीच भरते. वर्षाला साधारण १ अब्ज डॉलरच्या वर उत्पन्न असलेल्यांना क्लास वन म्हणतात आणि अशा आता फक्त सहा उरल्यात: बीएनएसएफ, युनियन पॅसिफिक, सीएसएक्स, नॉरफोक सदर्न आणि कॅनडातून आलेल्या सीएन आणि सीपीकेसी. बाकी सगळे छोटे.

हे छोटे आले कुठून? तर बहुतेक सगळे मोठ्यांनी टाकून दिलेल्या फाट्यांवर, म्हणजे मुख्य मार्गापासून फुटलेल्या छोट्या लाइनवर, उभे राहिलेत. १८८७ पासून तिकडे रेल्वेवर सरकारी आयोगाचं नियंत्रण होतं, दर किती घ्यायचा, कुठली लाइन बंद करायची, सगळ्याला परवानगी, आणि तोट्यातला फाटा बंद करायला वर्षानुवर्षं लागायची. तोवर हायवे झाले, ट्रक आले. १९७० मध्ये पेन सेंट्रल नावाची अवाढव्य कंपनी दिवाळखोरीत गेली, १९८० मध्ये रॉक आयलंड ही दुसरी रेल्वे तर कायमचीच थांबली. मग ऑक्टोबर १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी स्टॅगर्स कायद्यावर सही केली आणि रेल्वेला दर ठरवायची आणि नको ते फाटे विकायची बरीच मोकळीक मिळाली. त्या वेळी शॉर्ट लाइन दोनशेच्या थोड्या वर होत्या, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिप्पट झाल्या. मोठ्या कंपनीला ज्या फाट्यावर युनियनचे नियम, मोठा क्रू आणि दूरवरच्या हेडऑफिसचा खर्च परवडत नव्हता तिथे स्थानिक माणूस चार जणांत गाडी चालवू लागला, सकाळी इंजिन चालवणारा दुपारी रूळ दुरुस्त करणार आणि संध्याकाळी गिऱ्हाइकाला फोन लावणार. ही पद्धत खरंच चालली, यात वाद नाही.

पण विकणारा काय विकत होता? तीस-चाळीस वर्षं ज्यावर पैसा घातलेला नाही असा रूळ. सगळी गोम इथेच आहे. शॉर्ट लाइन बुडते ती बहुतेकदा पगार-डिझेल निघत नाही म्हणून बुडत नाही. पगार-डिझेल निघतं हो. रूळ बदलायचे पैसे निघत नाहीत.

जरा आकडे घेऊन बघू, खालची लाइन काल्पनिक आहे पण मापं खरी आहेत. अमेरिकेत एका मैलात साधारण ३,२५० लाकडी स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ओंडके, बसतात. चांगलं क्रिओसोट (कुजू नये म्हणून वापरतात ते डांबरी तेल) पाजलेलं लाकूड २५-३० वर्षं टिकतं, दमट भागात त्याहून कमी. आता धरा की तुमच्याकडे ४० मैलांची लाइन आहे. म्हणजे सव्वा लाखाच्या वर स्लीपर, आणि आहे ती अवस्था नुसती टिकवायची तरी दरवर्षी साडेचार-पाच हजार बदलायला हवेत. मजुरीसकट एकाचे १२० डॉलर धरले तर पावणेसहा लाख डॉलरच्या आसपास झाले, यात पूल नाही, खडी नाही, फाटकाचे सिग्नल नाहीत, लोखंडाला तर हातही लावलेला नाही. आता कमाई. वर्षाला १,५०० वाघिणी, एकीचे तुम्हाला सरासरी ४०० डॉलर, झाले सहा लाख. पगार, डिझेल, विमा, टॅक्स, इंजिनाचं काम हे सगळं अगदी काटकसरीने साडेचार लाखात बसवलं तरी उरले दीड लाख. हवे होते पावणेसहा.

मग मालक काय करतो? दीड लाखात जेवढे बसतात तेवढे स्लीपर बदलतो, सगळ्यात कुजलेल्या जागी, वळणावर, आणि उरलेले पुढच्या वर्षावर ढकलतो. हिशेबाच्या वहीत मात्र कंपनी तोट्यात दिसत नाही. आपल्या हाउसिंग सोसायट्यांमध्ये सिंकिंग फंड न भरता मेंटेनन्स कमी ठेवला की सगळे खूश असतात आणि पंचवीस वर्षांनी स्लॅब गळायला लागल्यावर एकमेकांकडे बघतात, अगदी तोच प्रकार. रूळ खाऊन पगार दिले जातायत, आणि हे दहा-पंधरा वर्षं आरामात चालू शकतं, म्हणूनच ते धोक्याचं आहे.

आता कुणी म्हणेल, कुजलेल्या स्लीपरवर सरकार गाडी चालवू कसं देतं? देतं, फक्त हळू. तिथल्या फेडरल नियमात रुळाचे वर्ग आहेत. ३९ फुटांचा तुकडा घ्यायचा (पूर्वी एका रुळाची लांबी तेवढी असायची), त्यात साधारण २४ स्लीपर येतात. सरळ रुळावर त्यातले ५ चांगले असले की पहिला वर्ग, मालगाडीला ताशी १० मैल. ८ चांगले असले तर दुसरा वर्ग, ताशी २५ मैल. परत वाचा, चोवीसातले पाच! त्याच्याही खाली एक वर्ग आहे, तिथे रूळ जवळपास सगळ्या निकषांतून सूट घेऊन पडलेला असतो, प्रवासी न्यायचे नाहीत, धोकादायक मालाच्या पाचच्या वर वाघिणी एका गाडीत लावायच्या नाहीत आणि ताशी १० मैलांच्या वर जायचं नाही, एवढ्या अटीवर.

१० मैल वेग म्हणजे ताशी १६ किलोमीटर. हे नुसतं कंटाळवाणं नाही, ते खिशातून पैसे काढतं. कायद्याने क्रूला १२ तासांच्या वर ड्युटी करता येत नाही. ४० मैल जायला चार तास, यायला चार तास, मध्ये दहा-बारा ठिकाणी वाघिणी काढा-लावा, झाले बारा तास. लाइन ६० मैलांची असेल तर नुसतं जाऊन यायलाच बारा तास, शंटिंगला वेळच नाही, मग गाडी जिथे असेल तिथे उभी करायची, क्रूला गाडीने घरी आणायचं, दुसऱ्या दिवशी दुसरा क्रू पाठवायचा, म्हणजे एका फेरीला दोन दिवसांचा पगार. त्यातून वाघीण रुळावरून घसरली की क्रेन बोलवा. कोठारवाला म्हणतो बुधवारी येणार होतास, शुक्रवार आला, मी माल ट्रकने भरून दिला. झालं, दीड हजारातल्या चार वाघिणी कमी.

म्हणून या धंद्यातल्या माणसाला विचारलं की तुमची लाइन कशी चाललीय, तर तो नफा नाही सांगत, वाघिणी सांगतो. ढोबळ हिशेब असा की दर मैलामागे वर्षाला १०० वाघिणी मिळाल्या तर लाइन स्वतःच्या पायावर उभी राहू शकते, त्याखाली कुणाचा तरी टेकू लागणार. आपल्या काल्पनिक लाइनला मैलामागे चाळीसही नाहीत. ४,००० वाघिणी असत्या तर कमाई सोळा लाख, खर्च वाढून आठ-नऊ लाख, आणि रुळासाठी सात-आठ लाख उरले असते. वाघिणी वाढल्या तरी स्लीपरचं कुजणं फारसं वाढत नाही ना, लाकूड पावसाने कुजतं, गाडी जाओ न जाओ.

वर आणखी एक भानगड आहे, वजन. पूर्वी चार आसांची भरलेली वाघीण जास्तीत जास्त २,६३,००० पौंडांची, म्हणजे ११९ टनांची असायची. १९९० च्या दशकात मोठ्या कंपन्या २,८६,००० पौंडांवर गेल्या, म्हणजे १३० टन. मोठ्यांना फायदाच, तेवढ्याच वाघिणींत जास्त माल. पण फाट्यावरचे रूळ शंभर वर्षांपूर्वीचे, दर यार्ड (तीन फूट) लांबीला ७० किंवा ९० पौंडांचे (९० पौंड म्हणजे मीटरला ४५ किलो, आपल्याकडे आता मेन लाइनला ६० किलोचे असतात), पूल लाकडी. कोठारवाल्याला नवी वाघीण पूर्ण भरता येत नाही, अर्धवट भरली की टनामागे भाडं जास्त पडतं, आणि मग तो चाळीस मैलांवरच्या मोठ्या लाइनवरच्या कोठाराकडे ट्रकने माल पाठवायचा विचार करतो, जिथे ११० वाघिणींची गाडी एका दमात भरते आणि रेल्वे त्याला स्वस्त दर देते. कॅन्सस आणि डकोटात कित्येक फाटे असेच रिकामे झाले. शॉर्ट लाइनचा स्पर्धक फक्त ट्रक नसतो, तो ट्रक आणि मोठी रेल्वे यांची जोडी असते.

ट्रकबद्दल बोलायचं तर, ट्रकवाला रस्ता बांधत नाही. डिझेलवर गॅलनमागे २४.४ सेंट फेडरल टॅक्स भरतो आणि हा दर १९९३ पासून तसाच आहे, हायवेच्या फंडात खड्डा पडला की २००८ पासून सरकार सामान्य तिजोरीतून भरतंय. शॉर्ट लाइनवाला स्वतःचा रूळ स्वतः बांधतो आणि वर त्या जमिनीचा टॅक्स त्याच काउंटीला भरतो जी त्यातून रस्ते दुरुस्त करते. एका वाघिणीत तीन-चार ट्रकांचा माल जातो, त्यामुळे लाइन बंद पडली की ते सगळे ट्रक गावच्या रस्त्यावर येतात आणि तो खर्च कुणाच्याच ताळेबंदात दिसत नाही. ट्रकवाल्यांची यावर वेगळी उत्तरं आहेत, पण माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोठा अन्याय हाच आहे.

बरं, वाघिणीमागचे ते ४०० डॉलर कोण ठरवतं? इथे छोट्याची मान कायम दुसऱ्याच्या हातात. बहुतेक शॉर्ट लाइन एकाच क्लास वनला जोडलेल्या असतात. गिऱ्हाइकाला दर देते मोठी कंपनी, मालाची पूर्ण लांबीची किंमत ती घेते आणि छोट्याला वाघिणीमागे ठरलेली रक्कम. कित्येक लाइन विकताना किंवा लीजवर देताना मोठ्या कंपन्यांनी करारात अशी अट घातली की शेजारून दुसऱ्या कंपनीची लाइन जात असली तरी तिला माल द्यायचा नाही, दिलाच तर दंड किंवा लीज वाढ. कागदावरची भिंत म्हणतात तिला. रूळ समोर दिसतोय, जोडलेलाही आहे, पण वाघीण ढकलता येत नाही.

आणि मोठ्याची सेवा बिघडली की शिव्या छोट्याला. मेन राज्यातली बँगर अँड अरूस्टूक ही रेल्वे (शॉर्ट लाइनपेक्षा मोठी होती, पण अडचण तीच) बटाट्यावर जगायची, उत्तरेकडच्या अरूस्टूक काउंटीत बटाटा प्रचंड. १९६९-७० च्या हिवाळ्यात तिने वेळेवर भरून दिलेल्या वाघिणी पुढे पेन सेंट्रलच्या यार्डात अडकून पडल्या, आतले हीटर विझले, बटाटा गोठून वाया गेला. शेतकऱ्यांनी पुढच्या हंगामात ट्रक धरले ते धरलेच. चूक एकाची, गिऱ्हाईक गेलं दुसऱ्याचं. ही रेल्वे मग उरली कागदाच्या गिरण्यांवर, त्या गिरण्याही एकेक करून बंद पडत गेल्या, २००१ मध्ये दिवाळखोरी, आणि २००३ मध्ये त्याच रुळांवर माँट्रियल, मेन अँड अटलांटिक ही नवी कंपनी उभी राहिली.

तिचं पुढे काय झालं ते सांगण्याआधी, पैसे कमी पडले की छोट्या रेल्वे कायकाय करतात ते बघू, कारण यात भारी डोकं लावलेलं दिसतं. सगळ्यात सोपा धंदा म्हणजे रिकामे रूळ भाड्याने देणं. २००९ च्या मंदीत, मग तेलाचे भाव पडले तेव्हा, मग २०२० मध्ये, हजारो वाघिणी बिनकामाच्या झाल्या, त्या कुठेतरी उभ्या करायच्या असतात आणि दिवसाला वाघिणीमागे काही डॉलर मिळतात. हलवायचं काहीच नाही, निव्वळ पार्किंग. काही लाइन त्यावर तगल्या. पण न्यूयॉर्क राज्यात ॲडिरॉनडॅकच्या जंगलातल्या एका फाट्यावर २०१७ मध्ये जुने टँकर आणून लावले तर एवढा गदारोळ झाला की ते परत न्यावे लागले, आणि ती लाइन चालवणारी आयोवा पॅसिफिक दोन वर्षांत कोर्टाच्या ताब्यात गेली. १९७० च्या दशकात तर आणखी गंमत होती, बॉक्स वॅगनचा तुटवडा होता म्हणून सरकारी आयोगाने वाघिणीच्या रोजच्या भाड्यात बोनस लावला, तर गुंतवणूकदारांनी चिमुकल्या रेल्वे गाठून त्यांच्या नावाने रंगीबेरंगी वॅगन काढल्या, साउथ कॅरोलायनातल्या नऊ-एक मैलांच्या पिकन्स रेल्वेचं नाव अख्ख्या देशात फिरायला लागलं. १९८० च्या मंदीत सगळ्या वॅगन एकदम घरी परत आल्या आणि त्या उभ्या करायला मालकाकडे तेवढे रूळच नव्हते.

हे जोडधंदे वाईट नाहीत. पण टेकू कशाचा घेताय हे बघावं लागतं. माँट्रियल, मेन अँड अटलांटिकला २०१२ च्या सुमारास नॉर्थ डकोटाचं कच्चं तेल मिळालं, गिरण्या गेलेल्या लाइनला अचानक लांबच लांब टँकरच्या गाड्या. खर्च आधीच हाडापर्यंत कापलेला, गाडीवर एकच माणूस, तसं करायची सरकारी परवानगीही मिळालेली. ५ जुलै २०१३ च्या रात्री क्वेबेकमधल्या नाँत गावाजवळ, मुख्य लाइनच्या उतारावर, त्या एका माणसाने ७२ टँकरची गाडी उभी केली, पुढचं इंजिन चालू ठेवून, कारण एअर ब्रेकची हवा त्यावर टिकून होती, हँडब्रेक लावले सात. त्या इंजिनाचं काही महिन्यांपूर्वी मोठं काम निघालं होतं, रीतसर दुरुस्ती महाग आणि वेळखाऊ म्हणून आत इपॉक्सीसारखा पदार्थ भरून भागवलेलं होतं. ते रात्री पेटलं. फायर ब्रिगेडने आग विझवली, इंजिन बंद केलं, हवा हळूहळू उतरली आणि रात्री एकच्या सुमारास गाडी आपोआप निघाली, खाली लाक-मेगँटिक गावात ताशी १०० किलोमीटरच्या वर वेगाने पोचली. ४७ माणसं गेली, गावाचा मध्य जळून गेला. कंपनीकडे दायित्वाचा विमा होता अडीच कोटी कॅनेडियन डॉलरचा, महिन्याभरात दिवाळखोरी. नुकसानभरपाईचे सुमारे ४५ कोटी बहुतेक इतरांकडून जमवावे लागले. तपास अहवालात कारणं अठरा निघाली, कुणी एक गुन्हेगार नाही, पण ती एकेक करून वाचली तर प्रत्येक ठिकाणी कुणीतरी थोडे पैसे वाचवलेले दिसतात.

अपघाताच्या तीन वर्षं आधी याच कंपनीने उत्तर मेनमधले २३३ मैल बंद करायला काढले होते. राज्याने लोकांकडून मतदानाने कर्जरोखे मंजूर करून घेऊन ते रूळ विकत घेतले आणि चालवायला दुसऱ्या कंपनीला दिले. हा मला सगळ्यात शहाणा मार्ग वाटतो: रूळ सार्वजनिक, गाडी खाजगी. मिनेसोटात ९४ मैलांची एक लाइन आहे, नॉरवुड यंग अमेरिका ते हॅनली फॉल्स, ती तिथल्या काउंट्यांनी मिळून घेतलेली आहे आणि २००२ पासून शेजारच्या शॉर्ट लाइनची उपकंपनी ती चालवते. साउथ डकोटाने १९८० च्या सुमारास मिलवॉकी रोड ही रेल्वे कोसळल्यावर शेकडो मैल घेऊन ठेवले. रस्त्याला जो न्याय तोच रुळाला, एवढंच. आपल्याकडे शकुंतला म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, तिथे नेमकं उलटं होतं, रूळ खाजगी कंपनीच्या मालकीचे आणि गाडी सरकारी रेल्वेची. मग रुळावर पैसा घालायचा कुणी, हा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळला, गाडी हळू होत गेली आणि शेवटी थांबली. विदर्भातल्या माणसाला शॉर्ट लाइनचं दुखणं वेगळं समजवायला नको.

फेडरल सरकारची मुख्य मदत म्हणजे एक टॅक्स क्रेडिट, २००५ पासूनचं. रुळावर खर्च केलात की त्याचा काही भाग टॅक्समधून वजा, आधी ५० टक्के, २०२३ पासून ४० टक्के, पण मैलामागे ३,५०० डॉलरच्या वर नाही. पहिली पंधरा वर्षं ते थोड्या-थोड्या वर्षांसाठीच मिळायचं, संपायचं, मग मागच्या तारखेने परत चालू व्हायचं, स्लीपरची ऑर्डर कुणाच्या भरवशावर द्यायची? डिसेंबर २०२० मध्ये कायमचं झालं. आपल्या ४० मैलवाल्याला जास्तीत जास्त मिळेल १ लाख ४० हजार, पण त्यासाठी आधी साडेतीन लाख खर्च करायला हवेत, आणि त्याच्याकडे आहेत दीड, म्हणजे मिळणार साठ हजार. ज्याची लाइन जरा बरी चाललीय त्याला पूर्ण फायदा, बुडणाऱ्याला निम्मासुद्धा नाही. योजना चांगलीच आहे, तिने हजारो मैल वाचवलेत, पण ती सशक्ताला जास्त देते हे मान्य करायला हवं. त्याशिवाय स्पर्धेतून मिळणारी अनुदानं आहेत, २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने त्यात पाच वर्षं दरवर्षी १ अब्ज डॉलर घातले, पण अर्ज भरायला कन्सल्टंट लागतो, आपला वाटाही घालावा लागतो, आणि सहा माणसांच्या कंपनीत हे करणार कोण.

म्हणूनच आता बरेच छोटे हे खरं तर मोठ्या छत्रीखालचे छोटे आहेत. जेनेसी अँड वायोमिंग घ्या, १८९९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एका मिठाच्या खाणीसाठी निघालेली १४ मैलांची लाइन. १९९४ मध्ये ती खाण खचली आणि पाण्याने भरली, देशातली सगळ्यात मोठी मिठाची खाण. तेव्हा कंपनी अजून १४ मैलांचीच असती तर तिथेच संपली असती. पण त्याआधीची पंधराएक वर्षं ती इतर लाइन विकत घेत सुटली होती, पुढे शंभराच्या वर झाल्या आणि २०१९ मध्ये ब्रुकफील्ड ही गुंतवणूक कंपनी आणि सिंगापूरचा सरकारी फंड जीआयसी यांनी कर्ज धरून ८.४ अब्ज डॉलरला ती घेतली. शंभर लाइनपैकी पाच आजारी असल्या तर बाकीच्या सांभाळतात, इंजिनं इकडची तिकडे फिरवता येतात, विमा स्वस्त पडतो, अर्ज भरायला माणसं असतात. तोटा एवढाच की सिंगापूरच्या फंडाला तुमच्या गावचं कोठार दिसत नाही, मैलामागच्या वाघिणी दिसतात.

उलट टोक बघायचं तर कॅनडातलं सस्कॅचवान, आणि इथे आपला थेट संबंध येतो, कारण आपण आयात करतो त्या मसूर-वाटाण्यातला मोठा हिस्सा तिकडचा. १८९७ पासून तिथे धान्याचं रेल्वेभाडं कायद्याने बांधलेलं होतं, १९९५ मध्ये ते उठलं आणि मोठ्यांनी फाटे सोडायला घेतले. काही ठिकाणी शेतकऱ्यांनीच वर्गणी काढून रूळ घेतले, शॉनव्हनची ग्रेट वेस्टर्न २००४ पासून अशी स्थानिक लोकांच्या हातात आहे. तिथल्या शेतकऱ्याला कायद्याने एक हक्क आहे, स्वतःच्या नावाने वाघीण मागवायची आणि कोठारवाल्याला कमिशन न देता स्वतः भरायची. १९०२ मध्ये सिंटालुटा गावात शेतकऱ्यांनी वाघिणी क्रमाने न देणाऱ्या कॅनेडियन पॅसिफिकच्या स्टेशन एजंटला कोर्टात खेचून हरवलं तेव्हापासून हा हक्क पक्का झाला, आणि आजच्या तिथल्या शॉर्ट लाइनच्या धंद्यात अशा वाघिणींचा चांगला हात आहे. भारताने नोव्हेंबर २०१७ मध्ये वाटाण्यावर ५० टक्के आणि डिसेंबरात मसूर-हरभऱ्यावर ३० टक्के आयात शुल्क लावलं तेव्हा त्याचा दणका दहा-बारा हजार किलोमीटरवरच्या या फाट्यांच्या गावांपर्यंत पोचला. एकाच मालावर आणि एकाच गिऱ्हाईक देशावर उभं असणं म्हणजे काय ते असं.

डाळींच्या व्यापारातली एजीटी फूड्स तर २०१५ मध्ये स्वतःच तिथल्या शॉर्ट लाइनची मालक झाली, आणि २०१८ मध्ये इतरांबरोबर हडसन बेच्या चर्चिल बंदराला जाणारी ८०० किलोमीटरची लाइनही घेतली. ती आधी ऑम्नीट्रॅक्स या अमेरिकन रेल्वे कंपनीकडे होती. २०१२ मध्ये कॅनडाच्या गहू मंडळाची मक्तेदारी उठल्यावर चर्चिलकडे धान्य येणं आटलं, २०१७ च्या पुरात रूळ वाहून गेला, आणि एवढ्या मालासाठी दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालकाने हात वर केले. चर्चिलला रस्ता नाही. जवळपास दीड वर्ष दूध-भाजी विमानाने किंवा जहाजाने. २०२१ पासून ही लाइन तिथल्या आदिवासी समाजांच्या आणि गावांच्या मालकीची आहे, आणि केंद्र आणि प्रांत सरकार तीत पैसा ओततंय. मैलामागे १०० वाघिणींच्या नियमाने ती कधीच बंद व्हायला हवी होती, पण तिकडे दुसरा रस्ताच नसल्यामुळे तो नियम कुणी लावायला गेलं नाही.

असा टेकू नसेल तर शेवट साधारण ठरलेला असतो. आधी मालक एखाद्या पुलाचं कारण सांगून वाहतूक तात्पुरती बंद करतो. मग सरकारी मंडळाकडे लाइन सोडायचा अर्ज. तिथे एकच आकडा महत्त्वाचा असतो, रूळ उखडून भंगारात विकला, चांगले स्लीपर बागेच्या कडेला लावायला विकले आणि जमीन विकली, उखडायचा खर्च वजा केला, तर हातात किती येतात. कुणाला लाइन वाचवायची असेल तर साधारण तेवढे पैसे टेबलावर ठेवून ती घेता येते, मालकाला नाही म्हणता येत नाही. स्टीलचा भाव चढला की हा आकडा चढतो, आणि मग वर्षानुवर्षं कशीबशी चाललेली लाइन जिवंतपणापेक्षा मेल्यावर जास्त किमतीची होते, अशा वर्षी अर्ज जास्त येतात. कुणीच पुढे आलं नाही तर १९८३ च्या कायद्याने त्या पट्ट्यावर सायकल ट्रॅक करता येतो, कागदोपत्री तो रेल्वेमार्गच राहतो आणि उद्या कुणाला रूळ टाकायचे असतील तर हक्क शाबूत असतो. पिकन्स रेल्वेच्या जागी आता असाच ट्रॅक आहे. देशभरात असे हजारो मैल झालेत, त्यातले परत रेल्वे झालेले बोटांवर मोजण्याइतके.